कटिंगमधले दगड : खिंडीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

गावाबाहेरच्या खिंडीत रस्ता रुंद करायचं काम लागून पंधरा दिवस झाले. जुना रस्ता टेकाडाला वळसा घालून जायचा, नवा टेकाड कापून सरळ जाणार. आज सकाळी जाऊन पाहिलं. सव्वादोनशे मीटर लांब आणि मधोमध जवळपास तीस फूट खोल कटिंग उभं राहिलंय. मेहकर तालुक्यात शिकवायला लागून बावीस वर्षं झाली, पण पायाखालचा दगड एवढा उघडा कधी पाहिला नव्हता. विहिरीत दिसतो तो वर्तुळापुरता, तोही ओला आणि अंधारातला.

जायचं कारण शुक्रवारी वर्गात घडलं. सातवीतल्या एका मुलीने टेबलावर गोटा आणून ठेवला. "सर, हा फुटला त आतून साखर निघाली." तिचे वडील कामावर टिप्पर चालवतात. गोटा मुठीएवढा, काळा, एका अंगाने फुटलेला. आत पोकळी, पोकळीला हिरवी साल, सालीवर फिकट गुलाबी पाकळ्यांचे झुबके. स्टिल्बाइट नावाचं खनिज आहे हे पाहताक्षणी कळलं, कारण कॉलेजात असताना अमरावतीला काचेच्या कपाटात असाच एक पाहिला होता. मी विचारलं, कुठला आहे? ती म्हणाली, ढिगाऱ्यातला. ढिगारा कुठला? ते तिला सांगता येईना. वडिलांचा टिप्पर तीन ठिकाणांहून दगड आणतो : ही खिंड, पलीकडचा नाला आणि दूरची एक खदान.

म्हणजे दगड हातात, पण त्याचा पत्ता गेलेला. तो कोणत्या थरातला, त्याच्या वर काय होतं, शेजारी काय होतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. वर्गात मी त्या मुलीचं भरभरून कौतुक केलं. घरी आल्यावर मात्र हीच गोष्ट मनात राहिली. कटिंग सहा महिन्यांत बुजेल किंवा सिमेंटखाली जाईल. तोवर जे निघेल ते पत्त्यासकट लिहून ठेवायचं. आजपासून वही सुरू.

१२ जानेवारी, रविवार

साइटवरच्या सुपरवायझरची परवानगी काढली. अटी त्यांनी घातल्या, मीही घातल्या. मुलं भिंतीखाली जाणार नाहीत, फक्त बाजूला टाकलेल्या ढिगाऱ्यापाशी. रविवारी आणि जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असेल तेव्हाच. सुरुंगाच्या दिवशी कुणीच नाही. भिंतीतून ठोकून काहीही काढायचं नाही, पडलेलं तेवढंच उचलायचं. भिंतीजवळ मी एकटा जाणार, तेही हेल्मेट घालून. मुलांसाठी आठ हेल्मेट त्यांनी स्वतःहून दिली.

पत्ता लिहायची सोय साइटवर आयतीच होती. रस्त्याच्या कामात प्रत्येक ठिकाणाला चेनेज असतं, म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर. सर्व्हेवाल्यांनी दर वीस मीटरवर लाल रंगाने ते लिहिलंय. आमचं कटिंग ११+३४० ते ११+५६०, म्हणजे ११ किलोमीटरच्या पुढे ३४० ते ५६० मीटर. वहीत रकाने पाडले : क्रमांक, तारीख, चेनेज, थर, वरून किती फूट, सोबत काय, पाहणाऱ्याचं नाव. फोटो काढताना शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायचं, ते २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे मापाला बरं.

भिंत वरून खाली अशी आहे. दीड हात काळी माती. खाली पिवळट मुरूम. मग काळा, घट्ट, उभ्या भेगांचा फत्तर, दहा-बारा फूट. त्याच्या पायथ्याला विटकरी लाल पट्टा, कुठे वीतभर तर कुठे हातभर. आणि त्याच्या खाली राखाडी, भोकाभोकांचा खडक, त्यातली बरीचशी भोकं पांढऱ्या दाण्यांनी भरलेली. लांबून पाहिलं तर ज्वारीच्या भाकरीवर तीळ टाकल्यासारखा. थरांना वरून क्रमांक दिले : एक ते पाच. पाचव्याला मुलांनी लगेच नाव ठेवलं, तिळाचा.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस पूर्ण पाचव्या थराचा.

मुलांना आधी भोकं कशी झाली ते सांगितलं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरत होता. एका दमात सगळा आला नाही, थरावर थर आले. आजही महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत मिळून पाच लाख चौरस किलोमीटरवर तो दगड शिल्लक आहे. लाव्हात वायू मिसळलेले असतात. तो थंड होऊ लागला की बुडबुडे वर चढतात आणि वरची साय घट्ट झालेली असल्यामुळे तिच्याखाली अडकतात. म्हणून प्रत्येक थराचा माथा भोकांचा आणि पोट घट्ट. पिठलं शिजताना पाहिलेल्या मुलांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

भोकं रिकामी होती. भरली नंतर, गरम पाण्याने. खडकातून फिरणारं पाणी त्यातला सिलिका, चुना, ॲल्युमिनियम, सोडियम विरघळवून घेतं आणि मोकळी जागा मिळेल तिथे थोडं थोडं सोडतं. पोकळी ही त्या पाण्याची वही. भिंतीला चिकटलेलं ते सगळ्यात आधीचं, मधोमध असलेलं सगळ्यात शेवटचं.

क्रमांक ७ चा दगड मुलांसमोर ठेवला. चेनेज ११+४२०, थर पाच, वरून १९ फूट. नारळाच्या अर्ध्या वाटीएवढी पोकळी. भिंगातून बाहेरून आत जायचं, आणि जे दिसेल ते क्रमाने मोठ्याने सांगायचं, एवढंच काम. पहिली पातळ हिरवी साल. एक मुलगा म्हणाला शेवाळ. नखाने खरवडली तर मातीसारखी हिरवी पूड निघाली. हे सेलाडोनाइट, रंग लोहाचा. त्यावर कागदाएवढी निळसर-पांढरी चकचकीत पट्टी, कॅल्सिडोनी. त्यावर छोटे, तिरके कापलेले, मोत्यासारखी झाक असलेले तुकडे. आठवीतली मुलगी म्हणाली, "शंकरपाळे!" हेच ह्यूलँडाइट. मी आजवर त्याची जितकी वर्णनं वाचली त्यात हे सगळ्यात नेमकं. शंकरपाळ्यांवर स्टिल्बाइटचे झुबके, गव्हाची पेंढी मध्ये आवळून बांधावी आणि दोन्ही टोकांना फुलावी तसे, रंग पिकल्या पेरूच्या गराचा. आणि अगदी मधोमध, सगळ्यांच्या वर, एकच कॅल्साइट, सुपारीएवढा, मधाच्या रंगाचा.

पाच पाहुणे, एकामागून एक आलेले. मुलांनी वहीत वर्तुळात वर्तुळ काढून क्रमांक घातले. नंतर आणखी चार पोकळ्या तपासल्या. त्यातल्या तीनमध्ये हिरवी साल पहिलीच होती. चौथीत साल नव्हतीच, सरळ कॅल्साइट. त्या चौथीचा पत्ता पाहिला तर ती थर तीनमधल्या भेगेतली निघाली. थराच्या रकान्याचा उपयोग मुलांना मी समजावून सांगायच्या आत त्यांनाच दिसला.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर शाळेतच बसलो. आज एक चूक सापडली आणि ती दुरुस्त करता आली, म्हणून सविस्तर लिहितो.

क्रमांक ११ वर मी गेल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने 'स्फटिक' लिहिलं होतं, म्हणजे क्वार्ट्झ, आपली गारगोटी. पाण्यासारखा स्वच्छ, बोटाच्या पेराएवढा, टोकदार. सातवीतल्या मुलाने विचारलं, "सर, गारगोटीला सहा बाजू असतात नं? याले त चारच हायेत." मोजल्या. चारच. मग सगळं सोडून त्याच दगडाच्या मागे लागलो.

पहिली परीक्षा ओरखड्याची. फुटलेल्या बाटलीची काच कापडात धरली आणि आमच्या नदीकाठच्या गारगोटीने ओढली : ओरखडा पडला. क्रमांक ११ च्या कोपऱ्याने ओढली : काही नाही, उलट कोपरा झिजला. एक ते दहाच्या मोजपट्टीवर गारगोटीचा कठीणपणा ७, साध्या काचेचा साडेपाचच्या आसपास. म्हणजे हा दगड काचेपेक्षा मऊ.

दुसरी परीक्षा वजनाची. गावातल्या सोनारकाकांनी त्यांचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा दिला. आधी कोरडा दगड तोलला : ३४.६ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला आणि दगड दोऱ्याने पाण्यात लोंबकळता धरला, तळाला आणि काठाला न लागू देता. काटा १४.८ दाखवू लागला. दगडाने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढं हे वजन. पहिल्याला दुसऱ्याने भागलं : २.३४. लगेच ओळखीचे दगडही तसेच तोलले. गारगोटी २७.८ ला १०.५, म्हणजे २.६५. कॅल्साइट ५१.२ ला १८.९, म्हणजे २.७१. स्टिल्बाइटचा सुटा झुबका २२.० ला १०.१, म्हणजे २.१८. आमचा ११ नंबर कुठेच बसेना.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. बाजूंवर उभ्या बारीक रेषा, गारगोटीवर त्या आडव्या असतात. माथ्याकडून पाहिलं की आत मोत्यासारखी झाक, आणि एका जागी तुकडा उडालेला होता तिथे तो लांबीला आडवा, आरशासारखा सपाट उडालेला. चौकोनी खांब, सपाट आडवा भंग, घनता २.३४, काचेहून मऊ : ॲपोफायलाइट. नाव फ्रान्सचे खनिजशास्त्रज्ञ आउई यांनी १८०६ मध्ये दिलं. ग्रीक शब्दांचा अर्थ पानं सुटणं, कारण तापवला की पापुद्रे निघतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ज्या गटातले त्या झिओलाइटांच्या सोबतीने सापडतो, पण स्वतः झिओलाइट नाही.

जुनी चिठ्ठी फाडली नाही. 'स्फटिक' वर एक आडवी रेघ मारली, खाली नवं नाव, तारीख आणि ज्याने बाजू मोजल्या त्याचं नाव लिहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार

तीन नवे नमुने. दोन स्टिल्बाइट, एक पांढऱ्या सुयांचा पंखा, थर पाच, स्कोलेसाइट. वारा फार, धूळ फार, तासाभरात परत.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजची नोंद लिहायला हात होत नाही.

बुधवारी संध्याकाळी ११+४८० ला लाल पट्ट्याच्या थोडं खाली एक मोठी पोकळी दिसली होती, माणूस वाकून डोकं घालेल एवढी. टॉर्च मारला तर छत पूर्ण झुबक्यांनी भरलेलं, आणि खाली ॲपोफायलाइटचे खडे खडीसाखरेसारखे. लांबून दोन फोटो काढले, नीट मापं रविवारी घेऊ म्हटलं. ठेकेदाराच्या माणसाला सांगितलं होतं, तेवढी जागा रविवारपर्यंत ठेवा. हो म्हणाले. काल दुपारी ब्रेकर लावला. मी शाळा सुटल्यावर पोचलो तेव्हा टिप्पर क्रशरवर रिकामा झाला होता. क्रशरखाली जाऊन पाहिलं. गिट्टीत चमक होती, पायलीभर शोधली तरी अखंड खडा एकही नाही.

त्यांची लेव्हल अडली होती, त्यांना काम पुढे न्यायचं होतं, हे समजतं. पण मी मापं बुधवारी अंधार पडेपर्यंत थांबून घ्यायला हवी होती. दोन फोटोंवरून जमेल तेवढं लिहिलंय : तोंड सुमारे अडीच फूट रुंद, खोली मोजलेली नाही. क्रमांक दिला २३. नमुना नाही, तरी क्रमांक दिला. ती पोकळी तिथे होती, हे वहीत राहिलं पाहिजे.

रात्री नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्याबद्दल पुन्हा वाचलं. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून आहे, ते. मिशनरी म्हणून आले आणि विदर्भातले दगड, जीवाश्म, शिलावर्तुळं यांच्या नोंदी करत राहिले. नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना लाव्हाच्या दोन थरांमधले गाळाचे थर आणि त्यातले जीवाश्म मिळाले. टाकळीचंच एक हिरवं कॅल्साइट १८५९ मध्ये त्यांच्या नावाने हिस्लॉपाइट म्हणून ओळखलं गेलं. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. माणूस गेला, गाव मात्र कागदावर राहिलं : टाकळी. आज टाकळी नागपूर शहरात मिसळून गेलीय, तरी त्या दगडाचा पत्ता शाबूत आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पोकलेनच्या ऑपरेटरशी आज पहिल्यांदा नीट बोलणं झालं. बालाघाटकडचे आहेत, मराठी समजतं, बोलतात हिंदीमिश्रित. त्या शुक्रवारी ब्रेकर त्यांनीच चालवला होता. त्यांना कुणीही काही सांगितलेलं नव्हतं. वही दाखवली, क्रमांक २३ चं पान दाखवलं. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "गुरुजी, ये नंबर का मतलब जगह?" मी हो म्हटलं आणि चेनेज, थर, फूट कसं लिहितो ते भिंतीपाशी नेऊन दाखवलं.

दुपारी गावातले एक आजोबा काठी टेकत आले. चाळीस वर्षं विहिरी खोदल्या त्यांनी. भिंत पाहून म्हणाले, "हा लाल पट्टा लागला का आम्ही जपून राहो, बाबू. इथूनच ढासळते." आणि तिळाच्या थराकडे काठी करून, "हा मांजऱ्या. हा झिजेल असला त पाणी देते, कोरा असला त कोल्डा." भूजलाच्या पुस्तकात हेच लिहिलंय : भोकांचा झिजलेला खडक पाणी साठवतो, लाल थर चिकणमातीचा म्हणून पाणी अडवतो.

लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हांमधला विसावा. खालचा थर थंड झाला, त्याच्या माथ्याची ऊन-पावसाने माती झाली, आणि मग वरून पुढचा लाव्हा येऊन ती माती भाजून काढली. वीतभर मातीला किती वर्षं लागतात ते मुलांनी आपल्याच वावरावरून ताडावं म्हणून तो प्रश्न उघडाच ठेवला.

२३ फेब्रुवारी, रविवार

विज्ञान दिनाची तयारी. स्टिल्बाइटचा हरभऱ्याएवढा, आधीच मोडलेला तुकडा कोरड्या परीक्षानळीत टाकून स्पिरिटच्या दिव्यावर धरला. मुलं चष्मे लावून हातभर लांब. अर्ध्या मिनिटात तुकडा फुगला, पापुद्रे सुटले, पारदर्शक होता तो चुन्यासारखा पांढरा झाला. नळीच्या गार तोंडाशी थेंब जमले. एकाने विचारलं, दगड ओला होता का? ओला नव्हता. पाणी त्याच्या घडणीतच असतं, वजनाच्या सहाव्या हिश्श्याहून थोडं जास्त.

स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेड यांनी १७५६ मध्ये हेच पाहिलं आणि नाव दिलं झिओलाइट, उकळणारा दगड. आत सूक्ष्म खोल्यांची जाळी असते, तिच्यात पाणी आणि सोडियम-कॅल्शियम सैल बसलेले असतात. म्हणून जड पाण्यातलं कॅल्शियम झिओलाइट धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. कारखान्यात बनवलेला झिओलाइट कपड्यांच्या पावडरमध्ये याच कामासाठी घालतात. आमच्या बोअरच्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, हे प्रत्येक घरातलं रोजचं. मुलींनी तक्त्यासाठी हाच विषय निवडला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

राष्ट्रीय विज्ञान दिन. बाहेरच्या व्हरांड्यात एकतीस नमुने मांडले, आणि मागे कटिंगचं बारा फूट लांब चित्र. प्रत्येक नमुन्यापासून लोकरीचा धागा त्या चित्रातल्या त्याच्या जागेपर्यंत ताणला. कल्पना सहावीतल्या मुलांची. वहीतून जे समजायला वेळ लागतो ते धाग्यांनी क्षणात दाखवलं : जवळपास सगळे धागे लाल पट्ट्याच्या खाली जाऊन मिळत होते.

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न : हे लोणारसारखं आभाळातून पडलं का? आमच्या भागात हे साहजिक आहे. नाही. लोणारचं सरोवर उल्केच्या आघाताने झालं, तोंड सुमारे १.८ किलोमीटर, आणि ज्या दगडावर आघात झाला तो हाच काळा फत्तर. आमच्या पोकळ्या लाव्हा थंड होतानाच्या, आघात कोट्यवधी वर्षांनी नंतरचा. लोणारच्या दगडात आघाताच्या दाबाने काही खनिजांची काच झालेली सापडते, मास्केलिनाइट म्हणतात. ती आमच्याकडे नाही, असायचं कारण नाही.

एक गृहस्थ मोटरसायकलवर आले, क्रमांक ७ ला बरे पैसे देतो म्हणाले. नम्रपणे नाही म्हटलं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे सुंदर नमुने जपलेले आहेत, त्यामुळे दगड जपायला पैसा लागतो हे मीही जाणतो. पण बाजारातून फिरलेल्या कितीतरी नमुन्यांवर शेवटी नुसतं 'जळगाव' किंवा 'पूना' उरतं. क्रमांक ७ वर एकोणीस फूट लिहिलंय, ते एकोणीस फूट मला सोडवत नाहीत.

९ मार्च, रविवार

क्रमांक २७ चं काहीतरी बिघडतंय. पंधरा दिवसांपूर्वी आणला तेव्हा घट्ट, पांढरे, लांबट खांब होते. आज डबी उघडली तर तळाला पिठासारखी पूड, आणि बोट लावताच एक खांब भुगा झाला. कुणी पाडला असेल म्हणून मुलं एकमेकांकडे पाहत होती. कुणाचाही दोष नव्हता. हे लॉमोंटाइट. कोरड्या हवेत स्वतःतलं पाणी सोडतं आणि ढासळतं. आपल्याकडे मार्चची हवा किती कोरडी! खडकाच्या ओलीत कोट्यवधी वर्षं टिकलेला दगड आमच्या कपाटात पंधरा दिवसांत गेला.

त्याच ढिगाऱ्यातला एक तुकडा अजून बाहेर सावलीत ओल्या मातीत होता. तो लगेच आणून लोणच्याच्या काचेच्या बरणीत पाण्याखाली ठेवला. बरणीवर ऑइलपेंटने पाण्याची खूण केली. क्रमांक २७-ब. पूडही कागदात बांधून ठेवली, तारखेसह.

२३ मार्च, रविवार

ऑपरेटरभाऊ आज सुट्टी असून आले. गमछ्यात काहीतरी गुंडाळलेलं. उलगडलं तर दोन्ही हातांत मावेल एवढा दगड, अर्धी पोकळी, आणि तिच्यात ॲपोफायलाइटचे सहा खडे, फिकट हिरवे. आमच्याकडे हिरवा एकही नव्हता. पण मी आधी पाठ पाहिली. काळ्या पाठीवर सर्व्हेच्या लाल रंगाने, थोडं वेडंवाकडं : ११+५०५, ५, २१ फूट. खाली तारीख. आणि मोबाइलमध्ये फोटो, दगड भिंतीतच असतानाचा, शेजारी दहाचं नाणं.

म्हणाले, ब्रेकर बाजूला घेऊन बकेटने हळू काढला, पाच मिनिटं गेली. क्रमांक ३८. पाहणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. मुलांनी त्यांना खुर्चीवर बसवून चहा दिला आणि धाग्याचं चित्र दाखवलं. आपला धागा त्यांनी स्वतः ताणला.

१३ एप्रिल, रविवार

ऊन चाळीसच्या वर. सकाळी सहा ते आठ एवढंच काम. भिंतीचं पूर्ण चित्र मापाने काढून झालं, दर वीस मीटरला एक उभी रेघ, एकूण बारा रेघा. ११+५४० नंतर लाल पट्टा खाली उतरत जातो आणि रस्त्याच्या पातळीत दिसेनासा होतो. तिळाचा थरही त्याच्यासोबत बुडतो. त्यामुळेच त्या टोकाला एकही नमुना मिळाला नव्हता. आम्ही तिकडे कमी शोधलं असं मला वाटत होतं.

एका मुलाने यवतमाळ जिल्ह्याची बातमी शोधून आणली : २०२१ मध्ये शिबला-पार्डी भागात रस्त्याच्या कामातच दगडाचे षटकोनी खांब उघडे पडले होते, आणि भूशास्त्राचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते लाव्हाचे खांब असल्याचं सांगितलं होतं. मग मी भोर घाटाची गोष्ट सांगितली. मुंबई-पुणे रेल्वेसाठी १८५६ पासून घाट फोडला, १८६३ ला मार्ग सुरू झाला, आणि त्या कटिंगमधून निघालेले ॲपोफायलाइट आणि स्टिल्बाइट दूरदेशीच्या संग्रहालयांत गेले. रस्ते करणाऱ्यांनीच आपल्याला हा दगड आतून दाखवलाय, तेव्हाही आणि आताही.

४ मे, रविवार

११+३८० ते ११+५०० पर्यंत जाळी ठोकून सिमेंट फवारलं. रस्त्यावर दगड पडू नयेत म्हणून ते हवंच. दोन्ही टोकांना थोडी भिंत उघडी राहील. सुपरवायझरसाहेबांनी स्वतः फोन करून शुक्रवारीच कळवलं होतं, त्यामुळे काल दिवसभर शेवटचे फोटो घेता आले. पोकळ्यांची जागा आता नुसता करडा उतार आहे. क्रमांक ७ आणि ११ तिथेच होते, त्या उताराच्या मागे, हे बोट ठेवून दाखवता येतं.

ऑपरेटरभाऊ पुढच्या साइटवर गेले. जाताना वहीच्या रकान्यांचा फोटो काढून घेतला.

२३ जून, सोमवार

विदर्भातल्या शाळा आज उघडल्या. पहिली घंटा होण्याआधी कपाट उघडलं. सुट्टीत येऊन बरणी पाहायची राहून गेली, मोठी काळजी त्याचीच होती. पाणी खुणेच्या तीन बोटं खाली गेलंय. २७-ब चा वरचा कोपरा उघडा पडून पांढरा झालाय, हात लावला नाही. पाण्याखालचे खांब घट्ट आहेत.

मुलांनी उकळून गार केलेलं पाणी आणलं आणि बरणीच्या काठाने सावकाश ओतलं, दगडावर धार पडू न देता, खुणेपर्यंत. आठवीची मुलं गेली, त्यामुळे बरणीचं काम आता सातवीतून आठवीत आलेल्या त्या पहिल्या मुलीकडे. दर सोमवारी पाणी पाहायचं आणि पाहिल्याची तारीख वहीत घालायची. तिच्या पहिल्या गोट्याला क्रमांक नव्हता. आज तिने विचारलं, त्याचं काय करायचं? क्रमांक दिला ०, आणि चेनेजच्या रकान्यात तिने स्वतः लिहिलं : ढिगारा, तीनपैकी एक जागा, ३ जानेवारी २०२५.